न दिलेले : गुप्तधन, घरटी आणि राखणीचा हक्क

भूमीत दडलेली वस्तू ज्याला सापडते त्याचीच ती होते काय, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे; परंतु ज्या जागी ती सापडली त्याच जागी दुसऱ्या एखाद्या जिवाने आपला संसार मांडलेला असेल, तर शोधणाऱ्याचा हक्क नेमका कोठे थांबतो, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र अभ्यासकांनी बहुधा बाजूलाच ठेवला. उष्ण कटिबंधातील बेटांच्या पुळणींवर धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसांमुळे हा दुसरा अर्धा भाग आज ठळकपणे समोर येतो. या यंत्राच्या टोकाशी तारेचे एक कडे असते, त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह खेळवला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात एखादे नाणे किंवा अंगठी आली की त्या धातूत उमटणारे प्रवाह यंत्राला उलट खूण देतात. वीतभर खोल पडलेले नाणे अशा रीतीने हाती लागते. परंतु त्याच वाळूत हातभर खोल असलेली समुद्री कासवाची शंभरेक अंडी या यंत्राला कळत नाहीत, कारण त्याला धातूखेरीज काहीच ऐकू येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याच्या वेळास गावी, जे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणूनही ओळखले जाते, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम केले, तेव्हा या कामात हे गृहीतच धरावे लागते की ज्या पट्ट्यात मादी येऊन गेली त्या पट्ट्यातील वाळू जाणत्या हाताखेरीज कोणी उकरायची नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांना समुद्र नाही. तरीही हा प्रश्न जितक्या रूपांत या भूमीवर एकत्र आलेला दिसतो तितका तो कोकणच्या किनाऱ्यावरही दिसत नाही, कारण येथे गुप्तधनाची आस आणि जिवांची घरटी एकाच डोंगरात, एकाच रानात, आणि कित्येकदा एकाच दगडाखाली आहेत. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांतून वर येणारा माल नाणेघाटाने जुन्नरात येत असे, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांनी भरत असे अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ज्या प्रदेशात रांजणाची आठवण इतकी ताजी आहे तेथे किल्ल्यांच्या तटाखाली आणि लेण्यांच्या अंगणात धन पुरलेले असेल असे वाटत राहणे अस्वाभाविक नाही. मात्र त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे त्यात हजारोंच्या संख्येने मोजलेली कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, आणि गाई यज्ञाची दक्षिणा म्हणून दिल्याची नोंद आहे. या घाटातील नाण्यांविषयीचा सर्वांत जुना मोठा लेख हा साठवल्याचा नसून दिल्याचा आहे, ही गोष्ट गुप्तधनाच्या गप्पांत कोणी सांगत नाही.

धर्मशास्त्रात पुरलेल्या धनाला ‘निधी’ असा शब्द आहे आणि त्याच्या वाटणीचा विचार स्मृतिकारांनी बारकाईने केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची वर्दी देणाऱ्याला सहावा भाग, तो मजूर असल्यास बारावा भाग, आणि फार मोठा निधी असल्यास तो राजाचा, असा हिशेब आहे. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती यांत विद्वान ब्राह्मणाला वेगळी सवलत आहे, जी आजच्या न्यायबुद्धीला पटणारी नाही आणि पटवून घेण्याचेही कारण नाही. महत्त्वाचे आहे ते मनूने दिलेले कारण. जुने निधी आणि भूमीतील धातू यांचा अर्धा भाग राजाला मिळतो, तो का, तर राजा रक्षण करतो म्हणून. येथे हक्काचा उगम सापडण्यात नाही, बळातही नाही, तो राखणीत आहे. ज्याने जमीन राखली त्याचा त्या जमिनीच्या पोटातील वस्तूवर हक्क, हे तत्त्व एकदा मान्य केले की ते राजापाशीच थांबवता येत नाही, हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे. हरवलेल्या वस्तूच्या बाबतीत तर त्याच स्मृतीने राजाला तीन वर्षे थांबायला सांगितले आहे, आणि मालक म्हणून पुढे येणाऱ्याने वस्तूचे रूप आणि संख्या सांगून ओळख पटवावी अशी अट घातली आहे. मालक मनुष्य असेल तरच ही अट पुरी होते. ज्याला रूप आणि संख्या सांगण्याची वाणीच नाही अशा मालकाचे काय, याचा विचार स्मृतीत नाही.

इंग्रजी अमदानीत हाच विषय कायद्याच्या भाषेत आला. १८७८ चा सहावा कायदा हा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडणाऱ्या दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या धनाचा कायदा आहे. तो सापडणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याकडे वर्दी देण्याचे बंधन घालतो, शंभर वर्षांच्या आत ते धन कोणी पुरले होते काय याची चौकशी करतो, आणि मालक न निघाल्यास व अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला देतो. त्याच वर्षीचा त्याच्या लगतचा सातवा कायदा हा भारतीय वन कायदा होय, ज्याने राखीव जंगलांची व्यवस्था पक्की केली आणि ज्यांच्या पिढ्या त्या रानात गेल्या त्यांच्या वहिवाटीला सवलत ठरवले. हे दोन कायदे एका पाठोपाठ एक यावेत हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे: ज्यावर कागदोपत्री कोणाचे नाव नाही ते बेवारस. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजाने, जो आजही हिरडा गोळा करून वर्षाचा मोठा आधार मिळवतो, या गृहीताची किंमत शंभराहून अधिक वर्षे मोजली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ती चूक निदान शब्दांत तरी मान्य केली. घरट्यांचा विचार करताना माणसांवरील हा अन्याय विसरला तर विचार खोटा पडतो. जो कायदा कोळ्याच्या रानाला बेवारस म्हणतो आणि जो शोधक टिटवीच्या माळाला बेवारस म्हणतो, त्यांच्या नजरेतील दोष एकच आहे.

योगशास्त्रात आणि श्रमण परंपरेत, म्हणजे बौद्ध आणि जैन या संन्यासप्रधान परंपरांत, चोरीची व्याख्या याहून खोल जाते. बौद्धांचे दुसरे शील आणि जैनांचे तिसरे व्रत यांत चोरीला ‘अदत्तादान’ म्हटले आहे, ज्याचा शब्दशः अर्थ ‘न दिलेले घेणे’ असा होतो. ‘दुसऱ्याचे घेणे’ आणि ‘न दिलेले घेणे’ या दोन व्याख्या वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांतील अंतर मोठे आहे. पहिल्या व्याख्येत घेणारा मालक शोधतो आणि मालक दिसला नाही की मोकळा होतो. दुसरीत मालक दिसो वा न दिसो, देणे घडले आहे काय एवढेच विचारावे लागते, आणि पुराव्याचे ओझे घेणाऱ्याच्या डोक्यावर येते. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, ज्याच्या ठायी स्थिर झाले त्याच्यापुढे सर्व रत्ने आपण होऊन येतात असे फळ सांगितले आहे, आणि व्यासभाष्याने अस्तेयाचे स्वरूप नुसते न घेणे एवढेच न ठेवता घेण्याची स्पृहाही नसणे असे केले आहे. भूमीतील रत्नांच्या शोधाला याहून सरळ उत्तर मिळणे कठीण. पाली वाङ्मयातील ‘निधिकंड’ या लहानशा सुत्तात तर गुप्तधनाचीच कथा घेतली आहे: माणूस पाणी लागेपर्यंत खोल खड्डा करून धन पुरतो, पण जागा विसरते, खुणा हलतात, नाग ते सरकवतात, यक्ष नेतात, नावडते वारस उकरून घेतात, दान, शील आणि संयम यांनी साठवलेला निधी मात्र कोणालाच नेता येत नाही.

याचा अर्थ श्रमण परंपरेला सापडलेले घेणे सर्वथा वर्ज्य होते असा नाही. भिक्षूने ‘पांसुकूल’ धारण करावे, म्हणजे उकिरड्यावर व स्मशानात टाकलेली वस्त्रे वेचून, धुऊन, शिवून अंगावर घ्यावीत, हा आदर्श प्रसिद्ध आहे. टाकलेली चिंधी ही एका अर्थी दिलेलीच वस्तू असते, कारण कोणीतरी तिच्यावरचा हात सोडलेला असतो, आणि हा हात सोडलेला आहे याची खात्री करून घेणे हाच त्या आचाराचा गाभा होता.

जुन्नरच्या भूमीला या विचाराशी जोडणारा धागा आणखी घट्ट आहे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास कोरीव दालने आहेत, आणि ती मुख्यतः ज्यासाठी खोदली गेली ती प्रथा म्हणजे वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहणे. या प्रथेचा उगम विनयपिटकाच्या महावग्गात सांगितला आहे. भिक्षू पावसातही चालत राहिले, हिरवे गवत तुडवले जाऊ लागले, लहान लहान जीव पायांखाली मरू लागले, तेव्हा लोकांनी बोल लावला की इतर पंथांचे साधूदेखील या दिवसांत बसून राहतात, इतकेच काय, पाखरेसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून पावसाळा काढतात, आणि हे मात्र हिंडतात. बुद्धाने लोकांचे हे म्हणणे मान्य करून नियम घातला. म्हणजे बौद्ध संघाच्या एका मूलभूत नियमाच्या मुळाशी पाखरांच्या घरट्यांचा दाखला आहे, आणि तो दाखला विद्वानांनी नव्हे, सामान्य लोकांनी दिलेला आहे. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकाच्या मनात गिरिजात्मज गणपती असतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच डोंगरातील रांगेने कोरलेल्या खोल्या हे थांबण्याचे स्थापत्य आहे, पृथ्वी प्रसवत असताना माणसाने आपला पाय आवरावा म्हणून खोदलेले आहे, हे त्या खोल्यांच्या दगडी ओट्यांकडे पाहताना लक्षात ठेवण्याजोगे आहे. वारकऱ्यांचा आणि जैन साधूंचा चातुर्मास हीही याच थांबण्याची भावंडे होत. जुन्नरच्या दात्यांनाही याची जाण असावी, कारण येथील एका शिलालेखात करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे प्राचीन माप होय.

शोधाची लालसा घरट्यापर्यंत कशी पोचते हे गुप्तधनाच्या अंधश्रद्धांत उघड दिसते. मांडूळ या निरुपद्रवी सापाला, ज्याची शेपटी तोंडासारखीच बोथट असल्याने लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, पुरलेले धन कळते अशी समजूत आहे, आणि त्यापायी महाराष्ट्रभर मांडुळे पकडून, वजनावर भाव ठरवून विकण्याचे गुन्हे घडत असतात. घुबडांचा बळी याच कारणाने जातो. भारद्वाजाच्या घरट्यात संजीवनी मुळी असते म्हणून घरटे विस्कटले जाते. या प्रत्येक समजुतीत जिवाला यंत्र मानलेले आहे: मांडूळ हे जणू जिवंत धातुशोधक, आणि घरटे ही तिजोरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे जीव राखले, १९५८ च्या पुरातत्त्वविषयक कायद्याने संरक्षित किल्ले व लेण्यांतील विनापरवाना उत्खनन रोखले, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांना शिक्षा ठरवली. तीन वेगळ्या खात्यांचे हे तीन कायदे एकाच लोभाच्या तीन वाटा अडवतात.

आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते आंबेगाव आज घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि हुतात्मा बाबू गेनू सागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. समुद्र नसलेल्या या तालुक्याला अशा रीतीने वर्षातून दोन-तीन महिने एक किनारा लाभतो. ज्यांची घरे त्या गाळात गेली त्यांच्यासाठी तेथे सापडणारे एखादे भांडे किंवा कडी हे गुप्तधन नसून आजीच्या हातची वस्तू असते, आणि तिचा शोध घेण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारू नये. परंतु त्याच दिवसांत त्याच उघड्या, भेगाळलेल्या काठावर टिटवीची वीण चालू असते. तिचे घरटे म्हणजे जमिनीतील जेमतेम पसाभर खळगे, कडेने खडे आणि शेळीच्या लेंड्या, आणि मध्ये बहुधा चार अंडी, ज्यांचा मातकट रंग आणि काळे ठिपके असे जमून आलेले असतात की दोन पावलांवरूनही ती खड्यांतून वेगळी दिसत नाहीत. ऊन चढले की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. जवळपास महिनाभर हे चालते. जमिनीकडे पाहत चालणाऱ्या, पण धातूच्याच नादात असलेल्या माणसाच्या डोक्यावर ती घिरट्या घालून आकांत करते. मनूने मागितलेली रूप आणि संख्येची साक्ष तिच्यापाशी असलीच तर ती एवढीच.

पंचतंत्रात याच पाखराची कथा आहे. समुद्राने गर्वाने टिटवीची अंडी नेली, तेव्हा त्या इवल्या जोडप्याने समुद्र आटवण्याचा निश्चय केला, पक्षी जमले, गरुडापाशी गाऱ्हाणे गेले, आणि शेवटी विष्णूने धाक घातल्यावर समुद्राला अंडी परत करावी लागली. नीतिकथेत ती दुर्बळाच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण धर्माच्या दृष्टीने पाहिले तर या कथेत किनाऱ्याच्या मालकीचा निवाडा आहे. किनारा समुद्राचा, यात वाद नाही. तरीही किनाऱ्यावर ठेवलेली अंडी समुद्राची होत नाहीत, आणि जगाचा पालक, ज्याचे कामच राखण आहे, तो या बाबतीत समुद्राच्या बाजूने न राहता पाखराच्या बाजूने उभा राहतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर हा निवाडा देवराईच्या रूपाने प्रत्यक्ष नांदत आला आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आंबेगावातील आहुपे आणि भीमाशंकरच्या परिसरात अशी राने आहेत, आणि पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पद्धतशीरपणे मांडला. अनेक देवरायांत पडलेले लाकूडही कोणी उचलत नाही, आणि अगदीच नड असेल तर देवाला कौल लावून विचारले जाते. कौल लावणे ही ‘दिलेले’ आणि ‘न दिलेले’ यांतील सीमा विचारण्याची रीत आहे. उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते हे मान्य करूनच ती विचारणा केली जाते, आणि यातच तिचे मोल आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले ते मुख्यतः शेकरूसाठी, ज्या मोठ्या खारीला महाराष्ट्राने राज्यप्राण्याचा मान दिला आहे. शेकरू झाडांच्या शेंड्यांत काटक्या-पानांची एकच नव्हे तर अनेक घरटी बांधते, त्यांतील काहींतच एका वेळी वावर असतो. खालून पाहणाऱ्याला रिकामे दिसणारे घरटे सोडून दिलेले असतेच असे नाही, आणि पांसुकूलाची कसोटी, म्हणजे हात खरोखर सोडलेला आहे काय, येथे डोळ्यांना देता येत नाही.

येथवरचा विचार टिटवी आणि शेकरू यांच्याबाबत सहज पटतो, कारण त्यांच्यापासून कोणाला भय नाही. जुन्नरची खरी परीक्षा बिबट्याची आहे. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या दाट फडात बिबट मादी पिलांना जन्म देऊ लागली, आणि माणसाचे शेत व जनावराची वीण एकाच सऱ्यांत आली. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, मुले गेली आहेत, आणि ज्या घरातले मूल गेले त्या घराला अहिंसेचे तत्त्व सांगायला जाणे ही निर्दयता होईल. सन २००० च्या सुमारास येथील अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की त्यामुळे संघर्ष मिटला नाही, जेथे ते सोडले तेथे माणसांवरील हल्ले वाढले. उचलून नेलेला जीव नव्या जागी उपराच राहतो. अश्विनातील वाघबारसेला महादेव कोळी गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, त्यात भीती आहे तशीच शेजाराची कबुलीही आहे, आणि ती भीती नाकारून उभा राहिलेला कोणताही संरक्षणविचार या मातीत रुजणार नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या मध्याशी पाचट बाजूला करताना कोयत्याच्या टोकापुढे दोन-तीन बछडे सापडतात, डोळे नुकते उघडलेले, मांजराच्या पिलांएवढे. येथे ‘सापडणे’ या शब्दाला निधीशास्त्रातील कोणतीही वाटणी लागू पडत नाही. तोड थांबवली जाते, वनखात्याला कळवले जाते, माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य येऊन बछडे तपासतात, आणि अंधार पडायच्या सुमारास ते टोमॅटो भरतात तसल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा खोक्यात घालून, जेथे मिळाले त्याच सरीत परत ठेवले जातात. जवळ एक स्वयंचलित कॅमेरा लावतात. मजूर टोळीसह मागे हटतात, मुकादम साखर कारखान्याला उशिराचा निरोप देतो, बैलगाड्या बांधावर उभ्या राहतात, आणि उभ्या-आडव्या उसाच्या त्या अर्धवट तुटलेल्या फडात रात्रभर कोणी पाऊल टाकत नाही. मादी पुष्कळदा त्याच रात्री येते, क्रेट कलंडते, आणि एकेक पिलू मानेला धरून ती न तोडलेल्या उसात नेते. आली नाही, तर दुसऱ्या संध्याकाळी बछडे पुन्हा त्याच जागी ठेवले जातात.